मी पोच बंद केली तेव्हा

आमच्या मानपाड्याच्या घरात चपलांच्या कपाटावर एक फ्रेम टांगलेली आहे. आधी ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी होती. पाहुणे आले की पाणी द्यायच्या आधी मी ती दाखवायचो. घराला रंग द्यायच्या निमित्ताने बायकोने ती दाराजवळ हलवली. रंग केव्हाच वाळला, फ्रेम अजून चपलांवरच आहे. प्रलंबित अर्जांची संख्या शून्यावर आणल्याबद्दल मला मिळालेलं प्रशस्तिपत्र आहे ते. ते कसं मिळालं आणि पुढे काय झालं, हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. कार्यालय कुठलं तेही सांगणार नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. ठाण्यातलं आहे, एवढं पुरे.

माझं शिक्षण तालुक्याच्या गावात झालं. वडील बाजार समितीत हमाल. घरात दहावीपुढे गेलेला पहिला मी, त्यामुळे पदवीधरही पहिलाच. फी-माफी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळं सरकारी अर्जांवर मिळालं. म्हणून कोणी सरकारी कचेरीला नावं ठेवली की मला घरच्या माणसाविषयी वाईट ऐकल्यासारखं होतं. कॉलेजात लोकप्रशासन हा विषय होता. त्याच्या वहीत 'नागरिक हा केंद्रबिंदू' हे वाक्य मी लाल शाईने दोनदा अधोरेखित केलं होतं. ती वही मी नोकरीच्या पहिल्या दिवशी सोबत नेली होती. हे लिहितानाही कान गरम होतात.

कार्यालयात शिरल्यावर समोरच बारनिशी होती. बारनिशी म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक कागद जिथे नोंदला जातो ते टेबल. तिथे एक मॅडम बसायच्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, चष्म्याला दोरी, टेबलावर लाकडी मुठीचा गोल शिक्का आणि निळ्या शाईचं पॅड. माणूस अर्जाच्या दोन प्रती आणायचा. एक मॅडम ठेवून घ्यायच्या, दुसरीवर शिक्का मारून, तारीख घालून परत द्यायच्या. ती दुसरी प्रत म्हणजे पोच. लोक ती पोच घडी करून अशी खिशात ठेवायचे, जणू काम झालंच. आठवड्याने तीच पोच घेऊन परत यायचे आणि विचारायचे, "माझं काय झालं?"

मी महिनाभर हे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, किंवा आलं असं मला वाटलं, की गर्दीचं मूळ ही पोच आहे. अर्धी रांग पोच घेणाऱ्यांची, अर्धी पोच दाखवणाऱ्यांची. पोच गेली की रांग गेली. एवढा साधा विचार इतक्या वर्षांत इथे कोणाला कसा सुचला नाही, याचं मला मनापासून आश्चर्य वाटलं. न सुचलेल्यांमध्ये मॅडम पहिल्या, असं मी मनात नोंदवूनही टाकलं.

मग मी योजना लिहिली. अर्ज संगणकावर भरायचा. मोबाईल नंबर सक्तीचा. त्याच्यापुढे लाल चांदणी, नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. पोचेऐवजी मेसेज. सुनावणीची तारीख मेसेजवर. अर्जदार आला नाही तर आठवड्याने दुसरी तारीख, तेव्हाही आला नाही तर अर्ज आपोआप बंद. एकच नंबर अनेक अर्जांवर चालेल, अशीही तरतूद मी केली, कारण गरीब घरात चौघांत एक फोन असतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. या शेवटच्या मुद्द्याचा मला विशेष अभिमान होता. साहेबांपुढे तो सांगताना माझा आवाज किंचित भरून आला होता.

साहेब चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद झालेला अर्ज परत उघडायचा असेल तर?"

"सर, तशी सोय ठेवली की लोक प्रत्येक अर्ज परत उघडायला लावतील. शिस्त लागणार नाही."

"बघा बुवा," साहेब म्हणाले आणि सही केली.

त्या संध्याकाळी मी गावाला वडिलांना फोन केला.

"अण्णा, आता लोकांना चकरा नाहीत. घरबसल्या मेसेज येतो."

"चांगलं केलंस. आन् पोच?"

"पोच लागतच नाही आता. मेसेज आला की झालं."

"मेसेजवर शिक्का असतो का?"

मी हसलो. अण्णांना हसलो, हे मुद्दाम लिहून ठेवतो. माझ्या शिष्यवृत्तीचा अर्ज द्यायला ते एक दिवसाचा खाडा करून तालुक्याला जायचे, आणि मी कुठेही कागद देऊन घरी आलो की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पोच घेतलीस का?" घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अशा पोचांचा गठ्ठा अजून आहे. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी हसलो.

योजना सुरू झाली आणि पंधरवड्यात रांग नाहीशी झाली. मॅडमना मी शिक्का भांडारात जमा करायला सांगितला. "जमा करते सर," असं त्या म्हणाल्या. त्यांचं टेबल खिडकीजवळ सरकवलं. मोकळ्या जागेत मी कुंडीतलं एक झाड आणून ठेवलं, स्वतःच्या खर्चाने. पडद्यावर रोज आकडा दिसायचा, मुदत उलटूनही किती अर्ज शिल्लक. तो उतरत उतरत एका शुक्रवारी शून्यावर आला. मेसेज पोहोचल्याचं प्रमाण तर इतकं चांगलं होतं की मुख्य कार्यालयाने विचारलं, तुमच्या भागातले लोक फोन कधी बंदच ठेवत नाहीत का? प्रत्येक मेसेजनंतर अभिप्राय विचारला जायचा, समाधानी असाल तर एक दाबा. सगळे समाधानी होते. एकही माणूस असमाधानी नाही, याची मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

मोठ्या बैठकीत मला बोलायला बोलावलं. एवढ्या मोठ्या लोकशाहीत सामान्य माणसाचा सरकारशी संबंध येतो तो एका टेबलापाशी, ते टेबल सुधारलं की देश सुधारला, असं काहीतरी मी बोललो. टाळ्या पडल्या. फ्रेम मिळाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका बुधवारी, मावशी आल्या.

बाळकुमकडच्या, साठीच्या पुढच्या, आखूड नेसलेलं लुगडं, काखेत प्लास्टिकची पिशवी. त्यांच्या सासरच्यांचं पूर्वी मिठागरात काम असायचं. पुढे सासू मासळी बाजारात एका ओट्यावर सुकी मासळी विकायला बसू लागली. सासूनंतर त्याच ओट्यावर या बसत होत्या, पण ओटा कागदावर अजून सासूच्याच नावाने होता. आता तो बाजार पाडून नवा बांधायचा होता. ज्यांचं नाव यादीत, त्यांनाच नव्या बाजारात ओटा. आणि यादी सोमवारी वर जाणार होती.

"सायबा, माजा अर्ज कवा बोलवशील?" त्यांनी विचारलं.

मी नाव टाकून पाहिलं. "मावशी, तुमचा अर्ज बंद झालाय."

"बंद कसा जाला? मी त जित्ती हाय नं!"

"तुम्हाला दोनदा सुनावणीचा मेसेज गेलाय. तुम्ही आला नाहीत."

"कोनाला गेला मेसेज? माजेकडं फोनच नाय."

"फॉर्मवर नंबर आहे तुमचा."

"त्यो झेराक्सवाल्यानं लिवला. नंबर नसल तं फॉर्म फुडं जात नाय, बोल्ला. मंग त्यानं त्याचाच टाकला. चांगला मानूस हाय."

मी तो नंबर पाहिला. मग सहज, अगदी सहज, त्या नंबरावर आणखी किती अर्ज आहेत ते शोधायला लावलं. पडद्यावर यादी सुरू झाली आणि खाली खाली जात राहिली. मी माऊस फिरवत राहिलो. यादी संपेना. चौघांत एक फोन म्हणून मी जी दयाळू तरतूद केली होती, तिच्यातून अर्ध्या प्रभागाचा एक फोन झाला होता.

झेरॉक्सवाल्याची टपरी आमच्या गेटला लागूनच आहे. मी रोज तिच्यासमोरून स्कूटर आत घालायचो. त्या दिवशी पहिल्यांदा पायी बाहेर गेलो आणि थांबलो. टपरीपुढे रांग होती. माझीच रांग, मी नाहीशी केलेली. ती फक्त गेटबाहेर येऊन उभी राहिली होती. टपरीच्या फळीवर एक काळा फळा टांगलेला, त्यावर खडूने लिहिलं होतं, 'आजच्या सुनावण्या', खाली नावं आणि वेळा. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

"या साहेब, चहा सांगू?" झेरॉक्सवाला म्हणाला. सांगलीकडचा, माझ्याच वयाचा.

"हे काय चाललंय?"

"तुमचेच मेसेज आहेत, साहेब. दिवसभर टिंग टिंग. आधी मी एकेकाला शोधून सांगायचो. मग म्हटलं फळा लावू. त्यासाठी वेगळा फोन ठेवलाय, बंद म्हणून करत नाही."

"आणि अभिप्राय? एक दाबायचा असतो तो?"

"तो मीच दाबतो. सगळ्यांना एक."

"का?"

"तुम्ही एवढं मनापासून करताय, उगाच दोन दाबून तुमचं मन कशाला मोडायचं?"

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हा फळा आहे म्हणून बरं चाललंय हो साहेब आता. तुमच्याकडे पहिल्यासारखा त्रास नाही राहिला." ती माझ्या योजनेची मला मिळालेली एकमेव खरी शाबासकी, आणि ती झेरॉक्सवाल्याची होती.

मावशींच्या तारखांना मात्र हा गावच्या यात्रेला गेला होता. फोन बरोबर नेला होता, पण गावात रेंज नव्हती. आला तोवर दोन्ही तारखा गेल्या. "मावशीला एवढंच सांगितलं, कचेरीत जाऊन विचारा," तो म्हणाला. "मला तोंड दाखवायला लाज वाटत होती, साहेब." त्याला वाटत होती. मला त्या क्षणापर्यंत वाटली नव्हती.

मी परत आलो आणि संगणकवाल्या कंपनीला फोन लावला. अर्ज उघडून द्या म्हटलं. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, तसं बटणच नाहीये. तुम्हीच लेखी दिलंय की ठेवू नका. पाठवू का तुमचं पत्र तुम्हाला?"

"नको," मी म्हणालो. तिने तरी पाठवलं.

साहेबांकडे गेलो. ते माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या पडद्यावरच्या शून्याकडे पाहत राहिले. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो सर."

"आता कुठल्या आधारावर उघडू? तुमचा नियम आहे, दोन तारखा चुकल्या की बंद. एक उघडला तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? आधार आणा, मी करतो."

मी बाहेर आलो. मावशी बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी तेच केलं जे माझ्यासारख्या माणसाला सुचतं. कोरा कागद घेतला आणि त्यांच्या वतीने अर्ज लिहायला बसलो. लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो द्यायचा कुठे? कागद घेणारं टेबल मीच बंद केलं होतं.

खिडकीजवळून मॅडमचा आवाज आला. "दोन प्रती काढल्यात का सर?"

"नाही, मॅडम."

"मग काढा. हातानेच लिहा दुसरी, गेटवर रांग आहे."

मी दुसरी प्रत लिहिली. शाळेत चुकलेला धडा परत लिहायला लावतात तशी. ती घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. त्यांनी दोन्ही प्रती वाचल्या, एका ठिकाणी काना राहिला होता तो दिला, आणि खालच्या खणातून डब्याची पिशवी काढली. पिशवीतून डबा, डब्याखालून लाकडी मुठीचा शिक्का.

"हा जमा करायचा होता ना?"

"जमा केला तो जुना, सर. त्याची तारीख फिरत नव्हती. पावती आहे माझ्याकडे भांडाराची, दाखवू का?"

पावती होती. अर्थात असणारच.

"मावशी," मॅडमनी हाक मारली, "सासूबाई गेल्या तेव्हा अर्ज दिला होतात का हो इथे? कागदावर?"

"दिला व्हता की! तुमीच घेतला व्हता. तवा तुमचं केस काळं व्हतं."

"आणि पोच?"

मावशींनी मांडीवरची पिशवी उघडली. आतून दुसरी पिशवी निघाली, तिच्यातून तिसरी. रेशनकार्ड, सासूचा मृत्यूचा दाखला, ओट्याच्या जुन्या पावत्या, आणि चार घड्यांचा एक कागद. घड्यांवर फाटत आलेला, सुकटीचा वास येणारा. त्याच्या कोपऱ्यात गोल निळा शिक्का, आमच्याच कार्यालयाचा, पाच वर्षांपूर्वीच्या तारखेचा.

मॅडमनी तो माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या परिपत्रकातला मुद्दा सात, सर. योजनेच्या आधी दिलेला अर्ज आपोआप बंद करता येणार नाही, त्यावर सुनावणी घेतलीच पाहिजे. यांचा अर्ज आधीचाच आहे. फॉर्म नुसता परत भरून घेतलाय."

मुद्दा सात मीच लिहिला होता. कुठल्या तरी जुन्या परिपत्रकातून उचलून, परिपत्रक भरीव दिसावं म्हणून. माझं ते परिपत्रक शेवटपर्यंत वाचलेली व्यक्ती सगळ्या कार्यालयात एकच होती, आणि तिचं टेबल मी खिडकीकडे ढकललं होतं.

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. मग त्यांनी शिक्का मारला, वर क्रमांक घातला, आणि एक प्रत माझ्या हातात दिली. "ही तुमची पोच. जपून ठेवा."

साहेबांनी मावशींची जुनी पोच उजेडात धरून पाहिली. एकदा शिक्का, एकदा मुद्दा सात. "हा झाला आधार," ते म्हणाले आणि शुक्रवारची सुनावणी लावली. मावशींना ते कळवायला मेसेजची गरज नव्हती, त्या बाकावरच होत्या. तरी शुक्रवारी सकाळी मी कार्यालयाच्या आधी बाळकुमच्या बाजारात जाऊन आलो, त्या विसरल्या तर म्हणून. त्या विसरल्या नव्हत्या. ओट्यावरची मासळी ताडपत्रीने झाकून तयार बसल्या होत्या. "तू कशाला आलास? शिक्का हाय नं माजेकडं," म्हणाल्या.

सुनावणी सात मिनिटांची झाली. शेजारच्या ओट्यावरच्या दोघींनी साक्ष दिली. पडद्यावर शून्याच्या जागी एक आलेला पाहून मुख्य कार्यालयातून फोन आला.

"सर, तुमच्याकडे एक प्रलंबित दिसतोय. एरर आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "मावशी आहेत."

त्या एका अर्जामागून पुढच्या महिन्यात बरेच अर्ज उघडले. आकडा चढला. लाल चांदणी मी काढून टाकली, बारनिशीचं टेबल कुंडी उचलून पूर्वीच्या जागी आणलं, आणि झेरॉक्सवाल्याला विनंती करून तो फळा गेटच्या आत लावून घेतला. मेसेजही चालू आहेत, ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना ते उपयोगी पडतात. या सगळ्याबद्दल कोणी फ्रेम दिली नाही. आधीची परत करावी, असं मनात आलं होतं. केली नाही.

सुनावणी झाली त्याच शुक्रवारी संध्याकाळी आदेशाचं पत्र तयार झालं. ओटा मावशींच्या नावावर, यादीत नाव समाविष्ट. मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी पत्र घेतलं, मग त्याची दुसरी प्रत मागून घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"याव शिक्का मार."

"मावशी, हे आमचंच पत्र आहे. याच्यावर साहेबांची सही आहे. पोच लागत नाही याला."

"मार रं! तुजं काय जातं?"

मॅडमनी तारीख फिरवून शिक्का माझ्या हातात दिला. इतके महिने नोकरी केली, पण शिक्का मी कधी मारला नव्हता. पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, जोर दिला. उचलून पाहिलं तर उलटा पडला होता.

मावशींनी कागद फिरवून डोळ्यांजवळ धरला, मग मॅडमकडे पाहिलं. "नवा हाय का यो?"

"शिकतायत," मॅडम म्हणाल्या.

"चालंल," मावशी म्हणाल्या, आणि कागद चार घड्या करून तिसऱ्या पिशवीत ठेवला.